ज्याचा धागा, त्याचा दोर

उलटेकाकांना उलटेकाका म्हणतात ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे. तसं म्हणायलाही कुणाची हरकत नसती, पण खरं कारण त्यांची चाल. बोटीतून उतरलेल्या प्रवाशांना बेट दाखवताना हा पासष्टीचा माणूस प्रवाशांकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून चालतो. धक्क्यापासून जकात कचेरी, तिथून पायऱ्यांची गल्ली चढून वर, मग पलीकडे उतरून दोरखंडाच्या लांब शेडपर्यंत, सगळं उलटं. तोंडाची टकळी चालू आणि पाय आपोआप मागे. एकोणीस वर्षांत एकदाही अडखळले नव्हते. पर्यटन कचेरीतली मुलगी एकदा काळजीने म्हणाली, काका, आता कानात लावायची यंत्रं आलीत, सरळ चालत बोला की. तर तिला म्हणाले, "बाई गं, मी चौदाव्या वर्षापासून पोटासाठी उलटा चालतोय. सरळ चाललो तर पडेन."

यात खोटं काही नव्हतं. शेडमध्ये सूत काढणारा माणूस कमरेला वाखाचा, म्हणजे दोराच्या तंतूंचा, भारा गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि बोटांनी वाख सोडत सोडत मागे मागे चालत जायचा. चारशे पावलं. तिकडून मोकळ्या हातांनी परत यायचं आणि पुन्हा मागे. "जन्मभर चाललो, पण पुढे काही गेलो नाही," हा काकांचा ठरलेला विनोद, आणि त्यावर बोटीवरची माणसं ठरलेलं हसायची.

काकांना दुसरा गर्व होता तो मोजणीचा. सकाळी धक्क्यावर जितकी डोकी मोजून घेतली तितकीच पाचच्या भोंग्याआधी मोजून परत करायची. मधे कुणी दुकानात रेंगाळो, कुणी फोटो काढत बसो, एकोणीस वर्षांत एक डोकं कमी पडलं नव्हतं. बोटीचा कारकून तर आताशा मोजायचासुद्धा नाही. काका म्हणाले बावीस, म्हणजे बावीस.

त्या बुधवारी बावीसच होती. अठरावं डोकं शिडीवरून उतरलं आणि काकांची मोजणी अडली. पांढरी दाढी, जाड काचांचा चष्मा, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी. दाढीमागे काय वाटेल ते लपेल, पण कान लपत नाहीत. उजवा कान जरा बाहेर आलेला, वडिलांचा होता तसा, काकांचा स्वतःचा आहे तसा. एकतीस वर्षांनी दादा बेटावर उतरला होता.

हाक ओठांपर्यंत आली होती, तेवढ्यात त्या माणसाने तिकीट पुढे धरलं आणि परक्याला विचारावं तसं विचारलं, "गाईड तुम्हीच का?"

"हो. या," एवढंच काकांच्या तोंडून निघालं. तुम्ही म्हणे. ज्याने चड्डीची नाडी बांधायला शिकवलं, ज्याच्या पाठीवर बसून हा शाळेत गेला, तो याला तुम्ही म्हणत होता. आणि काकांना रागवायची सोय नव्हती, कारण का म्हणतोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आता हे एकतीस वर्षांचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तेव्हा काका कसले, बारक्या होता तो. दोघे भाऊ एकाच शेडमध्ये, आई, बायका सगळे एकाच घरात. शेडचा एक नियम होता. प्रत्येक कारागिराचा एक रंग ठरलेला. दोर वळताना त्याच्या पोटात आपल्या रंगाचा एक धागा घालायचा. वरून दिसायचा नाही, पण दोर कुठे तुटला तर मुकादम टोक उसवून बघायचा आणि कुणाचं काम ते कळायचं. ज्याचा धागा, त्याचा दोर. दादाचा लाल, बारक्याचा निळा. एके सकाळी बारक्याच्या टोपलीत निळं रीळ सापडेना. रिळांची कोठी चारशे पावलं लांब, शेडच्या पलीकडच्या टोकाला, दादाही तिकडेच. बारक्याला घाई होती. का, तर दुपारी बंदराच्या मैदानावर खलाशांचा फुटबॉलचा सामना होता. आता काय बोलायचं. दादाची टोपली शेजारच्याच फळीवर होती. त्याने त्यातला हातभर लाल धागा घेतला, आपल्या दोरात घातला आणि पीळही कसाबसा देऊन मोकळा झाला. दादाचाच तर धागा आहे, घरातल्या घरात, असं त्याला वाटलं.

तो दोर पंधरा दिवसांनी धक्क्यावर तुटला. पेटी खाली आली आणि एका हमालाचा पाय मोडला. मुकादमाने टोक उसवलं. लाल धागा.

सगळे कारागीर उभे होते. दादाने तुटलेलं टोक हातात घेतलं आणि दोन बोटांत फिरवलं. मुकादमाला धागा कळतो, पण कारागिराला पीळ कळतो. आपल्या हाताचा पीळ आणि धाकट्या भावाच्या हाताचा पीळ तर अंधारातही कळतो. त्याने मान वर करून बारक्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आता हा बोलेल, म्हणून पाहिलं. बारक्या मूग गिळून उभा राहिला. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, नोकरी गेली तर खायचं काय, हा विचार खरा होता, पण तो नंतर सुचलेला. त्या क्षणी फक्त जीभ उचलली नाही. दादाची नोकरी गेली. आठ दिवसांत तो बायकोला घेऊन बेट सोडून गेला आणि जाताना एक शब्द बोलला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना, तशातली गत. आई पुढे सात वर्षं होती. माझा मोठा असं सैल काम करणार नाही, असं मरेपर्यंत म्हणत राहिली, आणि बारक्या तिला औषधाचा चमचा भरवत ते ऐकत राहिला. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण पुढे शेड बंद पडली, तिचं छोटं संग्रहालय झालं आणि बारक्या गाईड झाला. लोकांना गोष्ट लागते. धाग्याची गोष्ट तर सगळ्यांना आवडायची. मग काका सांगायला लागले, की एक निष्काळजी कारागीर होता, त्याचा दोर तुटला, उसवला तर आत लाल धागा, आणि असा चोर सापडला. आधी आधी सांगताना ते जमिनीकडे बघत सांगायचे. मग सवय झाली. बोलणाऱ्याची बोरं विकतात, तशी ती गोष्ट विकली जायला लागली. गेल्या चार-पाच वर्षांत तर काकांनी त्या कारागिराला दारूचं व्यसनही लावून टाकलं होतं, कारण त्याने गोष्ट रंगायची. दादाने जन्मात कधी थेंबाला हात लावला नव्हता.

आणि आज दादा प्रवाशांत होता. शेडची वेळ दुपारी तीनची होती. तीन वाजता त्याच्या तोंडावर ती गोष्ट सांगायची कशी, आणि ती नाही तर कोणती? काका धक्क्यावरून उलटे चालायला लागले तेव्हा त्यांच्या डोक्यात एवढंच होतं.

जकात कचेरीत मोठा काटा आहे. पूर्वी त्यावर गाठोडी चढायची, आता प्रवासी चढून फोटो काढतात. काकांनी सवयीने सांगायला सुरुवात केली, की आम्ही पोरं शाळा सुटली की इथे येऊन वजन करून घ्यायचो, काटेवाला भला माणूस होता, पण काटा मोठ्या मालाचा, एका पोराला तो हलायचाच नाही, म्हणून दोघांनी मिळून चढावं लागायचं.

"मग एकेकाचं वजन कसं कळायचं?" मागून दाढीवाल्याने विचारलं.

काका म्हणाले, कळायचंच नाही. दोघांचं मिळून जे भरेल तेच दोघांचं. हे बोलताना त्यांचा आवाज घसरला. पुढे उभ्या असलेल्या टोपीवाल्या बाईंनी प्रेमाने पाण्याची बाटली पुढे केली. दादा काट्याच्या लोखंडी पट्टीवरून हात फिरवत होता. पट्टीच्या कडेला दोन पोरांनी खिळ्याने ओढलेल्या रेघा अजून आहेत, त्याचं बोट बरोबर तिथे जाऊन थांबलं.

पायऱ्यांच्या गल्लीत काका तेच सांगत गेले जे रोज सांगतात. या खिडक्यांत शिडं शिवणाऱ्या बायका बसायच्या, त्यांच्या सुया वीतभर लांब. या दारातून डांबर तापल्याचा वास यायचा, त्या वासाने आमची सकाळ व्हायची. वरच्या टेकडीवर निशाणं चढायची आणि कुठली बोट येतेय ते खाली आया पोरांना शिकवायच्या. आता खिडक्यांत कुंड्या आहेत, निशाणांच्या जागी मोबाईलचा मनोरा. रोज हे सांगताना काकांना वाटायचं, आपल्याशिवाय हे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ऐकणारे माना डोलावतात आणि विसरतात. आज मात्र काकांनी बोट दाखवायच्या आधीच बाविसांतला एक माणूस त्या त्या खिडकीकडे बघत होता. काकांना त्याचा इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली, की सत्तेचाळिसाव्या पायरीवर त्यांचा पाय चुकला.

"मागे फुटकी पायरी आहे," दादा खालून म्हणाला. अगदी सावकाश, लहानपणी म्हणायचा तसं. ती पायरी त्यांच्या लहानपणापासून फुटकीच आहे. काका सावरले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा अडखळले, आणि पडू दिलं नाही तेही त्यानेच.

जेवणाच्या सुटीत दादा एकटा बाकावर बसला होता, पिशवी मांडीवर. काका दोनदा त्याच्याकडे निघाले आणि दोनदा वाटेतच कुणाला तरी मुतारी कुठे आहे ते सांगत परत फिरले. भित्रा म्हणजे किती भित्रा असावा माणूस. बोटीवर सामान ठेवायला खोली असताना हा एवढी पिशवी घेऊन का हिंडतोय, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि गेला.

शेडच्या दारात तिकिटं फाडायला काकांची बायको बसते. एक एक प्रवासी आत जात होता. दाढीवाल्याचं तिकीट तिने हातात घेतलं, वर पाहिलं आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. भावोजी, असं तिचे ओठ हलले. दादाने मानेनेच, आत्ता नको, असं सांगितलं. तिने ते तिकीट फाडलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं, तर नवरा छताच्या तुळया मोजत होता.

शेड अजून तशीच आहे. लांबच लांब, दुसरं टोक दिसायला डोळे बारीक करावे लागतात. मधोमध जमिनीत पायांनी पडलेली वाट, दोनशे वर्षांच्या उलट्या पावलांची. दाराशी चाक, शेजारी काचेचं कपाट. कपाटात टोपल्या, आकडे, वाख विंचरायची फणी आणि आईचा चष्मा. चष्म्याची एक दांडी धाग्याने बांधलेली आहे. आई गेल्यावर काकांनी तो इथे आणून ठेवला. आमच्या गावात काही टाकून देत नाहीत, सगळं धाग्याने बांधून वापरतात, हे दाखवायला तो बरा पडायचा.

काकांनी चाक फिरवून दाखवलं, वाख कमरेला बांधून दहा पावलं मागे चालून दाखवलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी दोराचा तुकडा उचलला आणि रोजच्यासारखे सुरीने पेड उलगडले. आतला लाल धागा बाहेर आला. दादा चाकाजवळ उभा होता, बरोबर त्याच्या जुन्या जागी.

"एक निष्काळजी कारागीर होता," काका म्हणाले आणि थांबले. टोपीवाल्या बाई पुढे ऐकायला सरसावल्या. बायको दारातून आत आली होती. काकांनी दोराचा तुकडा खाली ठेवला.

"तो कारागीर मी," ते म्हणाले. "धागा माझ्या भावाचा होता, दोर माझा होता. मला सामना बघायला जायची घाई होती. माझं रीळ सापडलं नाही म्हणून मी त्याचा धागा घातला. दोर तुटला, माणसाचा पाय मोडला, आणि नाव आलं माझ्या भावाचं. मी तिथेच उभा होतो. मी बोललो नाही. एकोणीस वर्षं या जागेवर उभं राहून मी त्याला निष्काळजी म्हणतोय. दारुडा म्हणतोय. तो दारू पीत नाही."

काका दादाकडे बघून म्हणाले, "दादा, चुकलो. उशीर झाला, पण चुकलो मी."

एका तरुण प्रवाशाने हळूच टोपीवाल्या बाईंना विचारलं, की हे रोज करतात का. बाईंनी त्याला दटावून गप्प केलं.

दादा कपाटापाशी गेला आणि वाकून आत बघत राहिला. मग म्हणाला, "बारक्या, हा चष्मा कुणाचा?"

तो 'बारक्या' ऐकून काकांचे डोळे भरलेच. "आईचा," ते म्हणाले.

"दांडीला काय बांधलंय?"

"धागा. निळा. आपल्या घरात त्याला काय तोटा. तिनेच बांधला असेल."

"तिला चष्म्याशिवाय सुईचं भोक दिसायचं नाही. चष्मा मोडल्यावर चष्मा कसा बांधेल ती?"

हा चष्मा त्यांनी हजार वेळा दाखवला होता. हजार वेळा धाग्यावर बोट ठेवलं होतं. हा प्रश्न कधी पडला नव्हता.

दादाने पिशवीत हात घालून एक लाकडी रीळ काढलं आणि काचेवर ठेवलं. त्यावर पाच-सहा वेढे निळा धागा उरला होता, उन्हात विटल्यासारखा. "त्या दिवशी सकाळी आईची दांडी निखळली," तो म्हणाला. "तुझी टोपली घराच्या दाराशी होती. रीळ घेतलं, दांडी बांधली आणि घाईत ते माझ्या डब्याच्या पिशवीत टाकलं, ते फाटक्या अस्तरात घसरलं. तुला सांगायचं राहिलं. बेट सोडलं त्या बोटीवर डबा काढायला हात घातला, तेव्हा अस्तरात हाताला लागलं."

काकांनी विचारलं, "मग परत का नाही आलास?"

"तू बोलायची वाट बघत होतो."

"एकतीस वर्षं?"

"मीही त्याच आईचा आहे की," दादा म्हणाला. "वर्षभर राग होता. मग वाटलं, आधी त्याने बोलावं, मग मी रिळाचं सांगेन. मग आई गेल्याचं पत्र आलं, आणि कुठल्या तोंडाने यावं ते कळेना. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरची बाई सहलीवरून आली. जिन्यात उभं राहून तिने मला माझीच गोष्ट सांगितली. दारूसकट."

काकांची मान खाली गेली.

"म्हटलं, एकदा जाऊन ऐकावी. पिशवी भरूनच निघालो. खोटं बोललास तर पाचच्या भोंग्याला परत जायचं, रीळ तुझ्या दारात ठेवून. खरं बोललास तर मग बघू." त्याने दाढीवरून हात फिरवला. "घरी आता तसं कुणी नाही. तुझी वहिनी तीन वर्षांपूर्वी गेली."

हे ऐकून काकांची बायको दारातल्या खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. जावा-जावा दोघी एका चुलीवर नऊ वर्षं राबल्या होत्या. थोड्या वेळाने तिने नाक शिंकरलं आणि नवऱ्याला उद्देशून म्हणाली, की तुमच्याशी मी घरी बोलेन. एकतीस वर्षं लपवल्याचा हिशेब ती घरी चांगलाच चुकता करणार, हे काकांनी ओळखलं, आणि तरीही त्यांना हलकं वाटलं.

पुढे जे झालं त्याला कार्यक्रमात जागा नव्हती. दादाने पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि चाकाची मूठ धरली. काकांनी वाख कमरेला बांधला, टोक आकड्यात अडकवलं आणि ते मागे चालायला लागले. दहा पावलं नाही, पूर्ण चारशे. चाक कधी वेगाने फिरवायचं आणि कधी हात आखडायचा ते दादाला सांगावं लागलं नाही. लांब गेल्यावर काकांचा चेहरा दिसेनासा झाला, तरी सूत ताठ राहिलं. टोपीवाल्या बाई खुशाल रडत होत्या. त्या सुताला तसं काही मोल नव्हतं, त्याचा दोर कुणी वळणार नव्हतं, पण ते तुटलं नाही.

साडेचारला सगळे धक्क्याकडे निघाले. त्या दिवशी पहिल्यांदा काका सरळ चालले. प्रवाशांकडे पाठ, तोंड समुद्राकडे, शेजारी दादा. माहिती अशी काही सांगितली नाही. दोघे भाऊच आपसांत बोलत होते, ते घर कुणी घेतलं, तो काटेवाला कधी गेला, हमालाचा पाय पुढे बरा झाला का. नव्हता झाला. जन्मभर लंगडला आणि आठ वर्षांपूर्वी गेला. त्याची माफी मागायची राहूनच गेली, आणि त्याला आता उपाय नव्हता.

शिडीशी कारकून वही घेऊन उभा होता. प्रवासी एक एक करत वर चढले. पाचचा भोंगा झाला. कारकुनाने सवयीने विचारलं, "बावीस ना काका?"

"एकवीस," काका म्हणाले.

कारकुनाने मान वर केली. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने काकांकडे पाहिलं, त्यांच्या शेजारच्या दाढीवाल्याकडे पाहिलं, दोघांच्या कानांकडे पाहिलं, आणि बाविसावा कुठे हरवला ते विचारलं.

"हरवला नाही," काकांनी दादाची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. "मोजणी माझी सकाळीच चुकली होती. त्यातला एक आमच्या घरचा होता."